गुडघ्यातील एक चुणी

आपल्या भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. ज्याची समज बेताची, त्याची अक्कल गुडघ्यात असल्याचे आपण सांगतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, आणि हरलेला माणूस प्रतिपक्षापुढे गुडघे टेकतो. परंतु पंगतीत मांडी घालून बसताना, देवळाच्या पायऱ्या उतरताना किंवा धावत जाऊन गाडी पकडताना हा सांधा एकदा कुरकुरला, म्हणजे त्याची खरी योग्यता ध्यानात येते. ज्या समाजात जेवण, पूजा, लेखन आणि गप्पागोष्टी हे सारे पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून चालत आले, त्या समाजाला गुडघ्याचे महत्त्व कोणी वेगळे सांगावयास नको.

आज या गुडघ्याच्या आत दडलेल्या एका लहानशा वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे. सांध्याच्या पोकळीला आतून एक नाजूक अस्तर असते आणि त्या अस्तराला काही ठिकाणी चुण्या पडलेल्या असतात. वैद्यकशास्त्रात अशा चुणीला ‘प्लायका’ हे लॅटिन नाव आहे. त्याचा अर्थही घडी किंवा चुणी एवढाच. वस्तू अशी क्षुल्लक; पण गेल्या तीनशेहून अधिक वर्षांत विद्वानांनी तिला अनेक रूपांत पाहिले. कोणी तिला ग्रंथी समजले, कोणी गर्भावस्थेतला अवशेष, कोणी दुखण्याचे मूळ, तर कोणी निरुपद्रवी शेजारीण. चुणी होती तशीच राहिली; पाहणाऱ्याच्या हातातले साधन बदलत गेले आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर तिच्याविषयीचा निवाडाही बदलला. दिसणे आणि कळणे यांत अंतर असते. ते विसरले गेले, की त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. ही गोष्ट या चुणीच्या कथेत फार स्पष्ट दिसते.

कथेकडे वळण्यापूर्वी घराची रचना पाहून घेऊ. गुडघा हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठा सांधा. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे हाड येते आणि पुढच्या बाजूस गुडघ्याची वाटी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, आणि मधोमध एकमेकांना छेदून जाणारे दोन बळकट अस्थिबंध असतात. कूर्चेचा पृष्ठभाग सोडून या पोकळीच्या भिंतींना जे पातळ, ओलसर अस्तर लागलेले असते, त्याला संधिकला म्हणतात. अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा एक चिकट द्रव या अस्तरातून पाझरतो आणि सांध्याला वंगण पुरवितो. निरोगी गुडघ्यात हा द्रव चहाचा एक चमचा भरेल एवढाही नसतो.

आता, गुडघा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळही होतो. अंगरखा शिवताना शिंपी कोपरापाशी थोडे कापड सैल ठेवतो, तसे या अस्तरालाही सैल राहावे लागते. म्हणून वाटीच्या वरच्या बाजूस ते पिशवीसारखे मांडीच्या दिशेने वर गेलेले असते. अशा सैल अस्तराच्या काही दुमडी कायमच्या राहतात. त्यांतील चार जागा ठरलेल्या आहेत. एक चुणी वाटीच्या वर, पिशवीच्या तोंडाशी आडव्या पडद्यासारखी असते. दुसरी वाटीच्या खाली, चरबीच्या गादीपासून निघून मांडीच्या हाडाच्या खाचेकडे दोरीसारखी जाते. तिसरी आतल्या बाजूस, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडील अंगास, वरून खाली उतरते. चौथी बाहेरच्या अंगास. ती मात्र क्वचितच आढळते. या चौघींपैकी वाटीखालची चुणी बहुतेकांना असते. आतल्या अंगाची चुणी काहींना असते, काहींना नसते. आणि सारा वाद झाला तो मुख्यतः हिच्याविषयी.

सांध्यांना आतून अस्तर असते आणि त्यात वंगण असते, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सात कला वर्णिल्या आहेत. त्यांपैकी चौथी श्लेष्मधरा. ती सर्व सांध्यांत असते, असे तेथे सांगितले आहे. गाडीच्या आसाला तेल दिले म्हणजे चाक जसे सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्याच्या योगाने सांधे सुरळीत चालतात, हा दृष्टान्तही तेथेच आहे. बैलगाडीचा आस ज्याने पाहिला आहे, त्याला याहून सोपी उपमा देता येणार नाही. मात्र सुश्रुतात चुणीचा शोध घेऊ नये. तेथे सांध्याच्या कार्याचे मर्म आहे. अस्तराच्या घड्यांचे वर्णन नाही.

युरोपात या द्रवाला ‘सायनोव्हिया’ हे नाव सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने दिले. त्यानंतर चुण्यांकडे बारकाईने पाहणारा मनुष्य म्हणजे इंग्लंडमधील क्लॉप्टन हॅव्हर्स. हाडांच्या आतील सूक्ष्म नलिकांना आजही त्याचे नाव आहे. १६९१ साली त्याचा अस्थिविषयक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सांधे उघडून पाहताना त्याला अस्तरावर चरबीने भरलेल्या, तांबूस, झालरीसारख्या घड्या दिसल्या. सांध्यात द्रव आहे, तेव्हा तो कोठून तरी स्रवत असला पाहिजे. आणि येथे तर मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेले उंचवटे दिसत आहेत. त्यावरून या घड्या म्हणजेच वंगण स्रवणाऱ्या ग्रंथी होत, असे अनुमान त्याने काढले. अनुमान तर्काला धरून होते, आणि ते चुकीचे होते. तरीही ‘हॅव्हर्सच्या ग्रंथी’ हे नाव शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे दीर्घकाळ वावरत राहिले.

हे मत मोडून काढले ते पॅरिसच्या झाविए बिशाने. १८०० च्या सुमारास त्याचा शरीरातील आवरणांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८०२ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. डोळे, हात आणि सुरी एवढ्यांवरच त्याने काम केले. सांध्यांचे अस्तर हे स्वतंत्र जातीचे आवरण आहे, आणि द्रव एखाद्या ग्रंथीतून न येता त्या आवरणाच्या साऱ्या पृष्ठभागावरून पाझरतो, असे त्याने प्रतिपादन केले. चुणीचे ग्रंथीपण येथे संपले. पण त्याबरोबर तिचे महत्त्वही संपले. उपयोग नाही, तेव्हा विचार कशाला, या न्यायाने शतकभर तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

दरम्यान रोगी मात्र गुडघा धरून वैद्यांकडे येतच होते. बसून उठताना टकटक आवाज होतो, वाकताना काहीतरी अडकते, जिना उतरताना आतल्या बाजूस टोचते. बाहेरून पाहावे तर सूज नाही, जखम नाही. इंग्लंडमधील लीड्स गावचा शस्त्रवैद्य विल्यम हे याने अशा गुडघ्यांचे वर्णन करून १८०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांना ‘गुडघ्यातील अंतर्गत बिघाड’ असे नाव दिले. नाव सोयीचे होते. इतके सोयीचे, की पुढे जे जे समजत नसे ते ते या नावाखाली घालण्याची प्रथा पडली. इंग्रजीत या नावाची आद्याक्षरे आय-डी-के अशी होतात, आणि ‘आय डोण्ट नो’ म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ याचीही आद्याक्षरे तीच, असा विनोद डॉक्टर मंडळीच आपसांत करीत आली आहेत. विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. ज्याचे कारण सापडत नाही, ते दुखणे मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्याचा मोह वैद्याला होतो. बंद सांध्यात जिवंतपणी डोकावता येत नव्हते, तोवर कितीतरी रोग्यांना आपल्या दुखण्याबरोबर हा अविश्वासही सोसावा लागला असेल.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि आता शरीराचे काहीच गुप्त राहणार नाही असे जगाला वाटले. पण गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात हाडे स्वच्छ उमटतात. कूर्चा, अस्थिबंध, अस्तर आणि द्रव हे सारे किरणांना जवळजवळ सारखीच वाट देतात, त्यामुळे चित्रात त्यांच्या जागी एकसारखी राखी छटा येते. चुणी तेथे असूनही दिसत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच सांध्यात हवा किंवा प्राणवायू भरून चित्र घेण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढे आयोडीनयुक्त द्रव आत सोडण्यात येऊ लागला. हा द्रव क्ष-किरण अडवितो, त्यामुळे पोकळीचा आकार उमटतो आणि चुणीवर द्रवाचा लेप बसला तर तिची बारीक रेघही दिसते. १९४८ साली स्वीडनमधील क्नूट लिंडब्लॉम यांनी या पद्धतीवर विस्तृत प्रबंध लिहिला. तरीही ही परीक्षा छायेवरून वस्तू ओळखण्यासारखी होती. पडद्यावरची बाहुली पाहून बाहुलीचा रंग आणि पोत सांगता येत नाही.

त्याच काळात सांध्यातील मऊ भागांकडे लक्ष वेधणारा एक लेख जर्मन शस्त्रवैद्य आल्बर्ट होफा यांनी १९०४ साली प्रसिद्ध केला. वाटीखालील चरबीची गादी सुजून हाडांच्या मध्ये चिमटली जाते आणि त्यामुळे गुडघा दुखू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. या गादीला आजही त्यांचे नाव आहे. हाड शाबूत आणि कूर्चा शाबूत असूनही गुडघा खरोखर दुखू शकतो, या विचाराला त्यामुळे बळ आले.

छाया पुरत नसेल तर आतच शिरले पाहिजे, हे धाडस पहिल्यांदा बोलून दाखविले ते सेव्हेरिन नॉर्देनटोफ्ट या डॅनिश शस्त्रवैद्यांनी. १९१२ साली बर्लिन येथे भरलेल्या जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेत त्यांनी बारीक नळीतून गुडघ्याच्या आत पाहण्याविषयी माहिती दिली. ती कल्पना तेथेच थबकली. पण सहा वर्षांनी, १९१८ साली, टोकियोमध्ये प्राध्यापक केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि तेथून या शास्त्राची अखंड परंपरा सुरू झाली.

ही परंपरा जपानात का रुजली, हे समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी जपानात गुडघ्याच्या क्षयाचे रोगी पुष्कळ असत, आणि रोग हटला तरी सांधा ताठ होऊन बसे. पाय मागे दुमडून, टाचांवर बसण्याची ज्या देशाची रीत, तेथे ताठ गुडघ्याच्या माणसाला घरातल्या चटईवर चारचौघांसारखे बसताही येत नाही. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण निराळी समजावून सांगावी लागत नाही. क्षय लवकर ओळखता आला तर सांधा वाचेल, या आशेने ताकागी यांनी गुडघ्यात डोकावण्याचा मार्ग शोधला. १९२० मध्ये त्यांनी सांध्यासाठी खास दुर्बीण तयार करविली. तिची जाडी ७.३ मिलिमीटर होती. एवढी जाड नळी गुडघ्यासारख्या अरुंद जागेत फिरविणे कठीण. ती कमी करीत करीत १९३१ पर्यंत त्यांनी ३.५ मिलिमीटरपर्यंत आणली. साधन पातळ करण्यात अकरा वर्षे गेली. यावरून कामाची चिकाटी कळावी.

इतरत्रही प्रयत्न चालू होते. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्शर यांनी १९२१ साली पोट तपासण्याची नळी गुडघ्यात वापरून आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे मात्र त्यांनी तो मार्ग सोडून क्ष-किरण चित्रांचा अवलंब केला. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांतील निरनिराळे सांधे दुर्बिणीने तपासून १९३१ साली आपला निबंध लिहिला. पण चुणीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम टोकियोतच झाले. ताकागींनी पहिला प्रयोग केला त्याच १९१८ साली तेथील माएदा यांनी गुडघ्याच्या पोकळीतील दोरीसारख्या रचनेवर जर्मन भाषेत निबंध लिहिला. आणि १९३९ साली ईनो यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून निरोगी सांधा आतून कसा दिसतो, याचे सविस्तर वर्णन केले.

ईनो यांनी आतल्या अंगाच्या चुणीचे चार प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात ती केवळ उंचावलेल्या दोरीसारखी असते. दुसऱ्यात अरुंद फळीसारखी असते, पण मांडीच्या हाडाच्या गोल टोकापर्यंत पोहोचत नाही. तिसऱ्यात ती रुंद होऊन त्या टोकावर पसरते. चौथ्यात तिला मध्ये भोक असते. जपानी डॉक्टर तिला ‘तना’ म्हणतात. ‘तना’ म्हणजे भिंतीतील फळी. ईनो यांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी पाहिलेले गुडघे हे रोगाची तक्रार घेऊन आलेल्यांचे नव्हते. चुणी ही मुळात निरोगी गुडघ्यातील वस्तू आहे, ही नोंद तेव्हाच होऊन गेली होती. पुढच्या पिढीला तिचा काही काळ विसर पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ताकागी यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी गुरूचे काम पुढे नेले. १९५५ साली त्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने गुडघ्यातील एक गाठ काढली. १९५७ साली त्यांचा सांध्याच्या अंतर्दर्शनाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेली त्यांची एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण जगभर वापरण्यात आली. तिच्या टोकाला लहानसा विजेचा दिवा असे, आणि तो सांध्याच्या आत फुटण्याची धास्ती शस्त्रवैद्याला सतत बाळगावी लागे. मे १९६२ मध्ये वातानाबे यांनी फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून पाहत काढून टाकला. १९६४ साली ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने टोकियोत असलेले कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन त्यांच्याकडे ही विद्या शिकले आणि तिला टोरांटोला घेऊन गेले. तेथून ती अमेरिकेत आणि युरोपात पसरली. १९७४ साली या विद्येची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद वातानाबे यांच्याकडे आले.

दुर्बीण सर्वत्र पोहोचली आणि चुणीचे दिवस पालटले. वाटीच्या वरील चुणी दुखण्याला कारण होऊ शकते, असे अमेरिकेतील पिपकिन यांनी १९५० सालीच लिहिले होते. परंतु चुणी जिवंत सांध्यात, आपल्या मूळ रंगात, हलताना दिसू लागली ती सत्तरीच्या दशकात. १९७८ साली मूळचे भारतीय असलेले बॉस्टनचे शस्त्रवैद्य दिनेश पटेल यांनी या चुण्यांच्या अंतर्दर्शनावर लेख लिहिला. १९८० साली हार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुणीच्या विकाराचे निदान व उपचार मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. निरोगी चुणी पातळ, गुलाबी आणि लवचिक असते. गुडघा वाकताना ती मांडीच्या हाडाच्या गोल टोकावरून अलगद सरकते. पण गुडघ्यावर आपटून पडल्याने, किंवा धावणे, सायकल चालविणे अशा श्रमांचा अतिरेक झाल्याने ती सुजते. सूज वारंवार आली की ती जाड, पांढरट आणि ताठ होते. मग तीच चुणी प्रत्येक वेळी गुडघा वाकताना हाडावर घासते, टक्‌ असा आवाज करते आणि काही वेळा खालची कूर्चाही झिजविते. अशी चुणी कापून काढल्यावर कित्येक तरुण खेळाडू पुन्हा धावू लागले. ज्यांच्या तक्रारीला वर्षानुवर्षे नाव नव्हते, त्यांना नाव मिळाले. आपले दुखणे खरे होते, एवढे जाणण्यातही रोग्याला मोठा दिलासा असतो.

मात्र नवे नाव हाती आले की ते सर्वत्र लावून पाहण्याची ओढ लागते. ज्या गुडघ्यात दुसरे काही सापडले नाही आणि चुणी तेवढी दिसली, तेथे दोष तिच्या माथी मारला जाऊ लागला. चोरीच्या वेळी वाड्यात जो हजर होता, तोच चोर, असा हा न्याय. आतल्या अंगाची ही चुणी किती लोकांना असते, याच्या मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत. काहींना ती पाचांतील एका गुडघ्यात आढळली, तर काहींना त्याहून कितीतरी अधिक गुडघ्यांत. यांतील लहान आकडा धरला, तरी चुणी बाळगून सुखाने चालणारे लोक असंख्य आहेत, हे उघड आहे. तेव्हा केवळ तिचे अस्तित्व हा गुन्ह्याचा पुरावा होऊ शकत नाही.

ही चुणी मुळात येते कोठून, याचेही उत्तर बदलत गेले. गर्भावस्थेत गुडघ्याची पोकळी पडद्यांनी तीन दालनांत विभागलेली असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते पडदे विरतात, आणि जे पुरते विरत नाहीत त्यांच्या चुण्या होतात, असे पुष्कळ काळ शिकविले जाई. १९९० साली ओगाटा आणि उथॉफ यांनी गर्भातील गुडघ्यांचा सूक्ष्म अभ्यास करून या चित्राला हरकत घेतली. सांध्याच्या जागी आरंभी भरीव, मऊ ऊतक असते; त्यात लहान लहान पोकळ्या पडतात आणि त्या एकमेकींत मिसळून एक मोठी पोकळी होते. मिसळताना मध्ये जे धागे उरतात, त्यांच्या चुण्या बनतात, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे तीन खोल्यांमधल्या भिंती पडून घर मोकळे झाले, ही कल्पना सोडून, भाकरी फुगताना आत बुडबुडे मिळत जावेत तशी पोकळी तयार झाली, असे मानणे अधिक योग्य ठरते.

तोपर्यंत एक नवे साधन आले होते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या योगाने वस्तूच्या अंतर्भागाची प्रतिमा घेऊन दाखविली. या कामाबद्दल त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच तपासणीला आज घरोघरी एम. आर. आय. म्हणतात. तीत क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू असतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरींनी त्यांना डिवचले की ते जो प्रतिसाद देतात, त्यावरून चित्र बनते. क्ष-किरणांना जी मऊ ऊतके एकसारखी भासतात, ती येथे एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात. गुडघ्यात थोडा द्रव साचला असेल तर विशिष्ट पद्धतीच्या चित्रांत तो शुभ्र दिसतो, आणि त्या शुभ्रतेत चुणी बारीक काळ्या रेघेसारखी उमटते. आतल्या अंगाची चुणी आडव्या छेदांत नीट दिसते. वाटीच्या वरची आणि खालची चुणी उभ्या छेदांत. वाटीखालची चुणी पुढच्या अस्थिबंधाला समांतर जात असल्याने कधी कधी तिचीच अस्थिबंध म्हणून गफलत होते. द्रव अगदी कमी असला तर चुणी अस्तराला चिकटून राहते आणि चित्रातून निसटते.

सुरीवाचून, सांध्याला भोक न पाडता चुणी दिसू लागली, हे मोठेच यश. पण त्यामुळे जुना प्रश्न सुटला नाही. तो अधिक तीव्र झाला. आता दुखऱ्याच काय, न दुखणाऱ्या गुडघ्यातही चुणी दिसू लागली. शिवाय चित्र स्थिर असते. चुणी जाड आहे, खालच्या कूर्चेवर घासल्याची खूण आहे, आसपास सूज आहे, एवढे ते सांगू शकते. पण चालताना ती अडकते का आणि तेव्हा दुखते का, हे त्यात उमटत नाही. गुडघा हलवीत असताना ध्वनितरंगांच्या यंत्राने चुणीचे सरकणे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत, ते याच उणिवेपोटी.

सावधगिरीचा एक मोठा धडा या काळात गुडघ्याच्याच दुसऱ्या विकारात मिळाला. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुऊन, साफ करून देण्याची शस्त्रक्रिया तेव्हा सर्रास केली जाई. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रोग्यांवर तिची परीक्षा घेतली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली. काहींच्या, त्यांच्या संमतीने, केवळ त्वचेला छेद दिला, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रोग्यांना कळू दिले नाही. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचा गट दुसऱ्याहून सरस ठरला नाही. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ही परीक्षा चुणीच्या शस्त्रक्रियेची नव्हती, आणि तिचा निकाल चुणीला जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. पण डोळ्यांना सदोष दिसणारी वस्तू साफ केली म्हणजे दुखणे गेलेच पाहिजे, या समजुतीला तिने जबर धक्का दिला.

त्यामुळे आज चुणीविषयीचा निवाडा पुष्कळ संयमाने केला जातो. रोगी काय सांगतो, ते आधी ऐकावयाचे. दुखणे वाटीच्या आतल्या अंगास आहे का, गुडघा दुमडून बराच वेळ बसल्यावर ते वाढते का, हे विचारावयाचे. मग त्या जागी बोट फिरवून पाहावयाचे; सुजलेली चुणी बोटाखाली दोरीसारखी लागते आणि दाबली असता रोग्याचे तेच ओळखीचे दुखणे जागे होते. गाद्या, अस्थिबंध, वाटीची कूर्चा यांत दुसरा दोष नाही ना, हे चित्रात तपासावयाचे. त्यानंतर काही महिने श्रमांना विश्रांती आणि मांडीच्या स्नायूंना ताण व बळ देणारे व्यायाम. बऱ्याच रोग्यांना एवढ्याने उतार पडतो. ज्यांना पडत नाही आणि ज्यांच्या बाबतीत साऱ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवितात, त्यांच्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, आणि अशा निवडक रोग्यांना तिचा चांगला उपयोगही होतो.

हॅव्हर्सने चुणी उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि तिला ग्रंथी ठरविले. सत्तरी-ऐंशीच्या दशकांतील शस्त्रवैद्यांनी ती दुर्बिणीतून पाहिली आणि पुष्कळदा तिला अपराधी ठरविले. दोघांनीही जे पाहिले ते खरे होते. त्यावरून काढलेला अर्थ घाईचा होता. ज्यांचे काम टिकले, त्या ईनो यांनी आधी निरोगी गुडघे पाहिले, मोजले, त्यांचे प्रकार पाडले आणि मगच लेखणी थांबविली. आपल्यापैकी अनेकांच्या हाती आज ना उद्या गुडघ्याच्या तपासणीचा अहवाल येईल, आणि त्यात चुणी असल्याचा उल्लेखही असू शकेल. तो वाचून घाबरण्याचे कारण नाही, आणि दुखणे खरोखर असेल तर ते लपविण्याचेही कारण नाही. चुणी आहे, हे यंत्र सांगेल. ती दुखते की नाही, हे सांगण्याचा अधिकार अजूनही ज्याचा गुडघा त्याचाच आहे, आणि ते त्याच्याकडून शांतपणे ऐकून घेणे हे डॉक्टरांचे काम आहे.